कोणत्या सुरवंटाला कोणतं पान
(वसतिगृहांच्या गृहमातांपुढे केलेले भाषण)



एक चूक कबूल करून सुरुवात करते. काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात एका मुलीच्या पेटीत, कपड्यांखाली, सुरवंटांचा डबा सापडला. मी तो बाहेर नेऊन रिकामा केला आणि तिला पेटी धुवायला लावली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, उद्या कोश होणार होता." नीतिसूत्रांतली मुंगी मी धर्मशास्त्राच्या वर्गात शिकले होते, पण खरी मुंगी कधी बसून पाहिली नव्हती.

पुढे मारिया सिबिला मेरियनविषयी वाचलं आणि ती मुलगी आठवली. मारियाचा जन्म १६४७ चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. ती तीन वर्षांची असताना वडील वारले. सावत्र वडील चित्रकार. त्यांच्याकडे ती चित्रकला शिकली. १६६० साली, तेराव्या वर्षी, तिने रेशमाचे किडे पाळले. किडे चिखलातून, कुजक्या मांसातून आपोआप निपजतात, असं तेव्हा पुष्कळ शिकलेली माणसंही मानत. मारियाने तुतीची पानं घातली, कात टाकताना पाहिलं, कोश फुटेपर्यंत वाट पाहिली. मग इतर सुरवंट आणले. खरा त्रास पानांचा होता. प्रत्येकाचं पान वेगळं, भलतंच घातलं तर तो खात नाही, मरतो. कधी कोशातून फुलपाखराऐवजी माश्याच निघाल्या. तेही तिने तसंच नोंदवलं. आज आपल्याला माहीत आहे की त्या सुरवंटाच्या अंगात वाढणाऱ्या परजीवी होत्या.

१६७९ मध्ये तिचं पुस्तक निघालं, तेही लॅटिनमध्ये नव्हे, जर्मनमध्ये. त्यात ५० चित्रं, आणि प्रत्येक किडा आपल्या खाण्याच्या झाडावर. या सगळ्याचं श्रेय ती देवाला देई. बावन्नाव्या वर्षी ती धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिथल्या मूळ रहिवाशांनी आणि गुलामांनी तिला किडे आणून दिले, झाडांचे उपयोग सांगितले. त्यांनी सांगितलेली नावं तिने पुस्तकात ठेवली.

आपल्या गडचिरोलीकडे कोशाचा किडा ऐनावर वाढतो, हे कोसा पाळणाऱ्या घरातल्या मुलीला शाळेआधीच ठाऊक असतं. आपण तिला ते कधी विचारतो का?

तेव्हा या पावसाळ्यात प्रत्येक वसतिगृहात जाळीचा एक डबा आणि एक वही ठेवा. वहीत तारीख, पान आणि काय बदललं ते मुलींनीच लिहावं. केसाळ सुरवंट हातात धरू देऊ नका, खाज सुटते. आणि डबा पेटीत नको, ओसरीवर ठेवा. खाली पाण्याची ताटली, म्हणजे मुंग्या लागणार नाहीत.