कठीण विषय, ‘कच्चे’ विद्यार्थी नव्हेत



अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी परिसरात १९७३ मध्ये डिॲना मार्टिन यांनी ‘पूरक अध्यापन’ पद्धती विकसित केली. या पद्धतीत ‘कच्चे’ विद्यार्थी निवडले जात नाहीत. ज्यांत अनेक जण अनुत्तीर्ण होतात, असे विषय निवडले जातात. त्यामुळे साहाय्य घेण्यात कमीपणा उरत नाही. तो विषय उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा वर्गात बसतो, टिपणे घेतो आणि नंतर इतरांकडून चर्चेद्वारे अभ्यास करवून घेतो. तो प्राध्यापकाची जागा घेत नाही. विद्यार्थी कोठे अडखळतात, हे मात्र त्यांना कळवू शकतो. आपल्या उपचारात्मक वर्गांवरील ‘मागे पडलेल्यांचे वर्ग’ हा शिक्का पुसायचा असेल, तर अशा केंद्राचा आरंभ विद्यार्थ्यांच्या यादीपासून नव्हे, विषयवार निकालापासून व्हावा.