माल आधी की गिऱ्हाईक आधी?

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपल्याकडे उतावळ्या माणसाची थट्टा करण्यासाठी वापरतात. नवा धंदा काढू पाहणाऱ्या अनेकांची स्थिती मात्र याच्या नेमकी उलट असते. त्यांच्या घरी तुरीची डाळ शिजून तयार असते. ती खाणार कोण, याचाच पत्ता नसतो. भांडवल गुंतलेले, यंत्र आणलेले, दुकानावरची पाटी रंगवून झालेली, आणि त्यानंतर गिऱ्हाइकाचा शोध सुरू होतो. वास्तविक हा शोध गाठीचा पहिला रुपया सोडण्यापूर्वी व्हावयास हवा.

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, पुढे कडबा कापण्याचे यंत्र बनविले आणि नंतर लोखंडी नांगर हाती घेतला. १९१० साली औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडलरोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर कारखाना व वसाहत उभी राहू लागली, तीच किर्लोस्करवाडी. नांगर कामाचा होता, तरीही पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही समजूत अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु जुन्या लाकडी नांगरालाही लोखंडी फाळ असेच. तेव्हा केवळ लोखंडाची भीती हे संपूर्ण कारण असणे कठीण. लाकडी नांगर गावचा सुतार घडवी, मोडला तर तोच दुरुस्त करी, आणि त्याचे देणे सुगीला बलुत्याच्या रूपाने फिटे. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा. ऐन नांगरटीच्या दिवसांत एखादा भाग मोडला, तर धाव कोठे घ्यावयाची? एक हंगाम चुकला म्हणजे वर्षाची भाकरी गेली. विषाची भीती ओठांवर असली, तरी तिच्या पोटात हे सारे प्रश्न असणे अगदी स्वाभाविक होते. गिऱ्हाईक जे कारण सांगते आणि त्याच्या मनात जे कारण असते, त्यांत असे अंतर पडते. ते ओळखणे हेच बाजारपाहणीचे मर्म होय.

योगायोग असा की, किर्लोस्करवाडी वसू लागली त्याच्या पुढल्याच वर्षी, म्हणजे १९११ साली, अमेरिकेतील कर्टिस प्रकाशनसंस्थेने चार्ल्स कूलिज पार्लिन नावाच्या एका माजी शाळामास्तरास बाजाराचा अभ्यास करण्याच्या कामावर नेमले. त्याची पहिली मोठी पाहणी शेतीच्या अवजारांच्या बाजाराची होती. बाजारपाहणी या शास्त्राचा इतिहास सांगताना पार्लिनचे नाव प्रथम घेतले जाते. आपल्याकडेही ही दृष्टी फार उशिरा आली असे नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे १९३३ साली पुण्यातील फळांच्या बाजाराची, तर १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध झाली. घरी बसून तर्क लढविण्याऐवजी बाजारात जाऊन पाहावे, विचारावे व मोजावे, हा या कामाचा धडा होता.

आता हा धडा लहान व्यवसायाला लावून पाहू. समजा, भिलाईतील कुरुद येथे राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहिणीला जेवणाचे डबे पुरवावयाचे आहेत. भिलाई हे पोलादाचे गाव. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे येऊन राहिली. अशा गावी डब्याला गिऱ्हाईक मिळेल, हा विचार काही चुकीचा नाही; पण तो अजून केवळ विचार आहे.

ही गृहिणी जर ओळखीपाळखीच्या घरी जाऊन, ‘मी डबे सुरू केले तर घ्याल ना?’ असे विचारील, तर दहापैकी नऊ घरी ‘हो हो, का नाही?’ हेच उत्तर मिळेल. ते खोटे नसते. ती आपल्या समाजाची रीत असते. तोंडावर नाही म्हणून एखाद्या बाईचा हिरमोड करणे कोणालाच आवडत नाही. परंतु अशा होकारांवर पातेली विकत घेतली, तर पुढे पातेलीच तेवढी उरतील.

म्हणून भविष्याविषयी विचारू नये; घडून गेलेल्या गोष्टींविषयी विचारावे. काल दुपारी काय जेवलात? कोठून आणले? किती पैसे पडले? गेल्या महिन्यात किती दिवस बाहेरचे खाल्ले? पूर्वी डबा लावला होता काय, आणि तो का सोडला? ज्या गावाचे काम तीन पाळ्यांत चालते, तेथे जेवणाची वेळ एक नसते. रात्रपाळीहून परतणाऱ्याला सकाळीच पोटभर अन्न हवे असेल. कोणाला पोळीपेक्षा भात हवा असेल, कारण हा मुलूखच भाताचा. चव बरी असूनही वेळेवर येत नाही म्हणून एखाद्याने जुना डबा बंद केला असेल. तसे असेल, तर या धंद्याचे यश मसाल्यापेक्षा सायकलीवरून डबा पोचविणाऱ्या मुलावर अधिक अवलंबून आहे, हे आधीच कळेल.

नातेवाइकांना सोडून अशा पंधरावीस अनोळखी माणसांशी बोलावे, त्यांचे शब्द त्यांच्याच भाषेत टिपून ठेवावेत, आणि तीच तीच उत्तरे पुन्हा ऐकू येऊ लागली म्हणजे थांबावे. मग शेवटची कसोटी लावावी. चारपाच जणांकडून एका आठवड्याचे पैसे आगाऊ मागावेत. तेव्हा जो मागे सरतो, त्याचा आधीचा होकार केवळ सौजन्याचा होता असे समजावे व त्याच्यावर रागावू नये.

विचारपूस केली म्हणजे यश हमखास, असेही नाही. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने १९५७ साली ‘एडसेल’ नावाची मोटार बाजारात आणली. तिच्यासाठी पाहण्या पुष्कळ झाल्या होत्या; परंतु मोटारीचे व्यक्तिमत्त्व कसे असावे, नाव काय असावे, यांवर बराच भर होता. १९५९ साली ती बंद करावी लागली आणि कंपनीचे नुकसान सुमारे २५ कोटी डॉलर झाले, असा अंदाज आहे. दुसरी चूक विचारण्याची माणसे निवडण्यात होते. आपल्या देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० नंतरच्या दशकात निघाला. हेतू उदात्त होता, चुलीही लाखांनी बसल्या. परंतु अनेक घरांत त्या काही दिवसांनी पडून राहिल्या, कारण घरातली भांडी, हाताशी असलेले सरपण आणि स्वयंपाकाची पद्धत यांच्याशी त्यांचा मेळ बसेना. जी बाई चुलीपुढे बसते, तिलाच आधी विचारावयास हवे होते.

यावर कोणी म्हणेल, लोकांना विचारूनच सारे करावयाचे, तर नवे काही निघणार कसे? लोखंडी नांगर द्या, असे कोणत्या शेतकऱ्याने मागितले होते? आक्षेप रास्त आहे. न पाहिलेली वस्तू मनुष्य मागू शकत नाही. परंतु आपली अडचण तो निश्चित सांगू शकतो. काळ्या जमिनीत जड लाकडी नांगर ओढण्यास सहासहा, आठआठ बैल जुंपावे लागतात, हे कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. तोडगा शोधणे हे कारागिराचे काम; दुखणे सांगण्याचा अधिकार गिऱ्हाइकाचा.

एडसेलचे नुकसान सोसूनही फोर्ड कंपनी उभी राहिली. कुरुदच्या गृहिणीने बांगड्या गहाण ठेवून शेगडी व पातेली घेतली आणि अंदाज चुकला, तर दुसरी संधी तिला कदाचित मिळणार नाही. मोठ्या कंपन्यांपाशी पाहणी करणारी स्वतंत्र खाती असतात. जिला चूक परवडत नाही, तिच्यापाशी वही, पेन्सिल आणि चार संध्याकाळी एवढेच असते. आरंभाला तेवढे पुरते.