पुस्तकी किडा आणि नादखुळा



‘गीक’ आणि ‘नर्ड’ हे शब्द आता आपल्या मुलांच्या तोंडी रुळले आहेत. बहुतेक जण ते एकाच अर्थाने वापरतात. अमेरिकन इंग्रजीत मात्र त्यांची कुळे वेगळी आहेत. ‘गीक’चे मूळ ‘मूर्ख’ या अर्थाच्या जर्मन बोलीतील शब्दात सापडते. पुढे अमेरिकेतील जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचे मुंडके दातांनी तोडून दाखवणाऱ्याला गीक म्हणत. ‘नर्ड’ छापलेला आढळतो तो १९५० साली, डॉ. स्यूस यांच्या बालपुस्तकात, एका काल्पनिक प्राण्याचे नाव म्हणून. पुढच्याच वर्षी ‘न्यूजवीक’ने डेट्रॉइटच्या तरुणांच्या बोलीतला शब्द म्हणून त्याची नोंद घेतली.

आज ढोबळमानाने नर्ड म्हणजे अभ्यासात बुडालेला, चारचौघांत अवघडणारा. गीक म्हणजे एखाद्या विषयाने झपाटलेला. पहिला शब्द माणूस इतरांना कसा दिसतो ते सांगतो, दुसरा त्याचे मन कुठे रमते ते सांगतो.

मराठीत पहिल्यासाठी ‘पुस्तकी किडा’ आहे. दासबोधातला ‘पढतमूर्ख’ त्याहून निराळा. समर्थांचा आक्षेप आचरणाविना असलेल्या ज्ञानावर आहे, अभ्यासूपणावर नाही. दुसऱ्यासाठी ‘व्यासंगी’ आहे, पण तो शब्द आपण पिकल्या केसांसाठी राखून ठेवतो. ‘छांदिष्ट’मध्ये किंचित थट्टा आहे. कोल्हापूर-बेळगावकडचा ‘नाद खुळा’ मला अधिक जवळचा वाटतो. खुळा म्हणजे वेडाच, पण उद्गार कौतुकाचा. ‘गीक’नेही मूर्खपणापासून कौतुकापर्यंत हाच प्रवास केला.

गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पाहा. पेशाने गणिती. नाणी हातोहात फिरताना झिजतात, या साध्या गोष्टीवरून त्यांनी हजारो नाणी तोलली आणि संख्याशास्त्राच्या आधारे प्राचीन नाण्यांचा कालक्रम लावू पाहिला. त्याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध केली. विषयाची ओढ विद्याशाखांची कुंपणे मानत नाही.

माझ्या वर्गात सत्तरीतला एक मुलगा होता. परीक्षेत बेताचा, पण आजीच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घ्यायचा. कोणती ओवी कुठल्या गावात कशी बदलते, हे तो तासन् तास सांगे. सोबती त्याला ‘पकाऊ’ म्हणत. गुणपत्रिकेत त्या वहीसाठी रकाना नव्हता. आजी गेली, तिच्या ओव्या आज आहेत त्या त्या वहीतच.

महाराष्ट्राबाहेरची मराठी बऱ्याच अंशी अशाच वह्यांवर टिकणार आहे. म्हणून शिक्षकांना एकच विनंती. वर्गात असा मुलगा किंवा मुलगी दिसली, तर आधी ‘तुला कशाचा नाद आहे रे?’ असे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. आपण कोणता शब्द वापरतो, यावर ते मूल पुढच्या वेळी वही उघडेल की दप्तरात लपवेल, हे ठरते.