न्हाव्याचा मुलगा आणि समुद्रकाठचा किल्ला

१७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला वसईचा किल्ला पाहायला आम्ही अंधेरीचे कामगार एकदा गेलो होतो. आमच्यातल्या एकाचा मुलगा पेन्सिलीने पडका बुरूज काढू लागला. ‘ही आपली कामं नव्हेत,’ म्हणून बापाने कागद हिसकावला. आम्ही गप्प राहिलो.

इंग्लंडचा थोर चित्रकार टर्नर लंडनच्या एका न्हाव्याचा मुलगा होता. १७९७ साली, २२ व्या वर्षी, त्याने डन्स्टनबरोचा समुद्रकाठचा पडका किल्ला साध्या पेन्सिलीनेच टिपला. पुढच्याच वर्षी त्याचे रंगचित्र लंडनच्या रॉयल अकादमीत लागले. त्याच्या बापाने मात्र पोराची चित्रे आपल्या दुकानात टांगली होती.

मजुरीसाठी आम्ही पुष्कळ घोषणा दिल्या. त्या पोरासाठी एक शब्दही काढला नाही. ती चूक आमची.