वर्गणीदाराच्या पदरी काय पडते?

एखाद्या होतकरू दिग्दर्शकाने, ग्रंथकाराने किंवा नवे यंत्र घडवू पाहणाऱ्या कारागिराने आपली योजना संकेतस्थळावर मांडावी, अपरिचितांकडून शंभर, पाचशे, हजार रुपये मागावेत आणि त्या लहान रकमांच्या बेरजेवर काम उभे करावे, ही क्राउडफंडिंगची रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. परंतु तिच्याविषयी सल्ला विचारावयास येणारा गृहस्थ, कलेच्या आणि उद्योगाच्या उत्तेजनाविषयी चार सभ्य वाक्ये बोलून झाल्यावर, अखेर 'यात मला काय मिळणार?' या एकाच प्रश्नावर येतो. हा प्रश्न स्वार्थी ठरवून त्याला गप्प बसवणे मला उचित वाटत नाही. देणाऱ्याच्या पदरी काही पडावे ही अपेक्षा या व्यवहारात प्रथमपासून आहे. मात्र जे पडते ते आणि ज्याची आपण वाट पाहत बसतो ते, ही दोन्ही पुष्कळदा निरनिराळी असतात.

न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पुतळा फ्रान्सच्या जनतेने द्यावयाचा आणि त्याखालचा चौथरा अमेरिकनांनी स्वखर्चाने बांधावयाचा, असे ठरले होते. परंतु धनिकांनी हात आखडता घेतला, सरकारी खजिन्यातूनही मंजुरी मिळाली नाही, आणि 1885 च्या आरंभी चौथऱ्याचे काम पैशाअभावी अडून बसले. तेव्हा 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्राचे चालक जोसेफ पुलित्झर यांनी मार्चमध्ये जाहीर केले की, जो कोणी वर्गणी पाठवील त्याचे नाव, रक्कम कितीही क्षुल्लक असली तरी, पत्रात छापले जाईल. ऑगस्टपर्यंत एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. देणाऱ्यांची संख्या लाखावर गेली आणि त्यांतील बहुतेकांची वर्गणी एका डॉलरपेक्षाही कमी होती. चौथऱ्यासाठी नेमलेल्या समितीने तर एक डॉलर देणाऱ्यास सहा इंचांची आणि पाच डॉलर देणाऱ्यास बारा इंचांची पुतळ्याची प्रतिकृती देऊ केली होती, म्हणजे आज संकेतस्थळांवर दिसणारी बक्षिसांची उतरंड तेव्हाच सिद्ध झाली होती. तरीही 'वर्ल्ड'च्या वर्गणीदारांत बहुसंख्य होते ते प्रतिकृतीपुरतीही रक्कम न देणारेच. काही सेंट पाठवणाऱ्या मजुराला ज्या वास्तूच्या सावलीतूनही कदाचित कधी जावयाचे नव्हते, तिच्या वर्गणीदारांत आपले नाव छापलेले पाहण्याचे समाधान त्या पैशांच्या मानाने फार मोठे असले पाहिजे.

वस्तूच्या रूपाने मिळणाऱ्या मोबदल्याविषयी मात्र मी आपल्याला थोडा सावध करू इच्छितो. 2009 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या संस्थेची पद्धत अशी की, ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम जमली नाही तर कोणाकडूनही एक कवडी वसूल होत नाही; परंतु ती जमल्यानंतर वस्तू वेळेवर घरी येईलच याचा हवाला ती संस्था देत नाही. 2012 मध्ये 'पेबल' नावाच्या मनगटी घड्याळासाठी एक लाख डॉलर मागितले गेले आणि सुमारे एकोणसत्तर हजार लोकांनी एक कोटीहून अधिक डॉलर देऊ केले. या अनपेक्षित लोकप्रियतेने मूळचे सारे वेळापत्रक कोलमडले आणि सप्टेंबरची कबुली जानेवारीवर गेली. अमेरिकेतील प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टरवरील प्रकल्पांचा अभ्यास करून दाखवले आहे की, यशस्वीपणे रक्कम जमवलेल्या प्रकल्पांपैकी सुमारे नऊ टक्के प्रकल्प कबूल केलेले बक्षीस देत नाहीत, आणि जे देतात त्यांतही विलंब हाच नियम असतो. शिवाय वर्गणीदार हा भागीदार नव्हे. 'ऑक्युलस' ही आभासी वास्तवाची उपकरणे करणारी कंपनी 2012 साली अशाच वर्गणीच्या बळावर पुढे आली आणि 2014 मध्ये सुमारे दोनशे कोटी डॉलरांना फेसबुकने ती विकत घेतली, तेव्हा पहिल्या वर्गणीदारांच्या वाट्याला त्या रकमेतील एक सेंटही आला नाही. पुष्कळांनी संताप व्यक्त केला, परंतु कबुलातीत हिस्सा कोठेही लिहिलेला नव्हता.

मग वर्गणीदाराचा खरा लाभ कोणता? माझ्या मते तो काम घडताना पाहण्याचा अधिकार होय. स्वतःचे घर बांधणारा माणूस जसा संध्याकाळी कारण नसताना गवंड्यांच्या कामावर एक फेरी मारून येतो, तसा हा वर्गणीदार दर महिन्याचे प्रगतिपत्र वाचतो. साचा का फसला, कागदाचा भाव का चढला, चित्रीकरण पावसाने का लांबले, हे त्याला करणाऱ्याच्याच शब्दांत कळते, आणि बाजारात तयार वस्तू विकत घेणाऱ्याला जे ज्ञान कधीच लाभत नाही ते त्याला अनायासे लाभते. बक्षीस म्हणून येणाऱ्या कपांचे आणि टोप्यांचे मला स्वतःला अगत्य नाही, ती पत्रे मात्र मी जपून ठेवतो.

देण्यातल्या आनंदाची गोष्टही निव्वळ सुभाषितांवर सोडण्याचे कारण नाही. कॅनडातील एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही व्यक्तींना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देऊन, काहींना ते स्वतःवर आणि काहींना दुसऱ्यांवर खर्च करण्यास सांगितले गेले. दुसऱ्यांवर खर्च करणारे सायंकाळी अधिक प्रसन्न आढळले, आणि रक्कम पाच होती की वीस याने फरक पडला नाही. मौज अशी की, आधी विचारता बहुतेकांनी नेमके उलटे भाकीत केले होते.

आपल्या देशातील सर्वांत देखणे उदाहरण 'मंथन' या चित्रपटाचे आहे. 1976 साली गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्या दहा लाखांतून श्याम बेनेगल यांनी चित्रपट केला, विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि स्मिता पाटील यांनी त्यात भूमिका केली. श्रेयनामावलीत निर्माते म्हणून गुजरातच्या शेतकऱ्यांचा उल्लेख आहे, आणि हा आपला चित्रपट पाहण्यासाठी ते शेतकरी ट्रक भरभरून चित्रपटगृहांकडे आले. दोन रुपये भरून, तिकीटही पुन्हा स्वतःच्या खिशातून काढणारा हा निर्माता जगात विरळाच! 2024 मध्ये तोच चित्रपट नव्याने सिद्ध होऊन कान महोत्सवात दाखवला गेला. त्याच्याही पूर्वी महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला होता; पैसा देणाऱ्याला घरपोच काचेचा पेला मिळाला नाही, परंतु तेथे तयार झालेले कारागीर देशभरच्या कारखान्यांत गेले.

आता व्यवहाराचे थोडे सांगतो. जी रक्कम बुडाली तरी घरात कोणाला झळ लागणार नाही तेवढीच द्यावी, आणि शक्य तर आपल्याला ज्या विषयाची समज आहे त्याच विषयातील प्रकल्प निवडावा, कारण प्रगतिपत्रांची गोडी समजेवर अवलंबून असते. योजना मांडणाऱ्याने पूर्वी काय पुरे केले आहे याची खातरजमा करावी, खर्चाचा तपशील नसेल तर तो मागावा, आणि उत्तर टाळले गेले तर पुढे जाऊ नये. कंपनीचा हिस्सा किंवा ठराविक परतावा देऊ असे कोणी संकेतस्थळावरून सर्वांनाच सांगत असेल तर दूर राहावे. आपल्या देशात खाजगी कंपनीला स्वतःचे भाग अशा रीतीने जाहीरपणे विकण्याची कायद्याने मुभा नाही. आयकरातील देणगीची सवलत मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीपुरती आहे आणि नव्या करप्रणालीत तीही मिळत नाही; बक्षिसाच्या मोबदल्यात दिलेली वर्गणी देणगीत मोडत नाही. पैसे पाठवल्यावर पावती आणि योजनेच्या वर्णनाची प्रत काढून ठेवावी, कबूल केलेली तारीख लिहून ठेवावी, आणि ती टळून महिना उलटला तर संकोच न बाळगता विचारणेचे पत्र पाठवावे. तसे पत्र पाठवण्याचा आपला हक्क आहे.