शेजारधर्म आणि हृदयरुग्ण



१९२९ साली वेर्नर फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टरांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. १९५८ मध्ये अमेरिकेत मेसन सोन्स यांनी हृदयाच्या रोहिणीचे चित्र मिळवले. त्या साहसाचे फळ म्हणजे आजची अँजिओग्राफी.

परंतु हे निदान आहे, उपचार नव्हे. आणि रुग्ण बहुधा लवकरच घरी परततो. मनगटातून तपासणी झाली असल्यास त्या हाताने काही दिवस ओझे उचलू नये. जांघेतून झाली असल्यास वाकणे, जिने चढणे टाळावे. डॉक्टरांची मनाई नसल्यास भरपूर पाणी प्यावे. जखमेतून रक्त आल्यास ती जागा घट्ट दाबून धरावी. ते न थांबल्यास वा छातीत दुखल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हे सारे एकट्याने कसे व्हावे? वाशी, नेरूळ, खारघरच्या सदनिकांत कित्येक वृद्ध दांपत्ये एकाकी आहेत, मुले परदेशी. सिडकोने १९७० पासून नगर उभारले. शेजार मात्र आपणच उभारायचा असतो. पिशवीभर भाजी आणून देणे, रात्री एकदा दाराची घंटा वाजवणे, हीदेखील समाजसेवाच. वनवासी पाड्यावर पोहोचणारी आपली सेवा समोरच्या दारापाशी अडखळू नये. संघटित समाजाची पहिली पायरी तोच उंबरठा आहे.