मान दुखते आणि कान बोलतो
(वार्षिक संमेलनातील भाषण)



चिटणिसांनी मला 'आरोग्य' ह्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय सागराएवढा आणि वेळ दहा मिनिटांचा. तेव्हा मी मानेपुरतेच बोलतो.

माझ्या आत्याबाईंचा उजवा कान दोन वर्षे दुखत होता. थेंब घालून झाले, एक दाढही काढून झाली. कान मात्र पाहावा तेव्हा निर्मळ! अखेर एकदा त्यांना मान वळवावयास सांगितली, तो कळ मानेतून निघून कानामागून कपाळापर्यंत गेली.

असे का व्हावे? मानेच्या सात मणक्यांपैकी वरच्या दोहोंमध्येच डोके वळण्याची सुमारे निम्मी क्रिया घडते. तेथील मज्जातंतूंच्या शाखा डोक्याच्या मागील भागास व कानाच्या पाळीस पोहोचतात. शिवाय मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या वार्ता मज्जारज्जूत जेथे उतरतात, तेथेच चेहऱ्याच्या संवेदनाही येतात. एका टपालघरात दोन गावांची पत्रे मिसळावीत, तशी मेंदूची फसगत होते. कळ मानेची, पण पत्ता वाचला जातो कपाळाचा किंवा डोळ्यामागचा. श्रवणाच्या पहिल्या केंद्राशीही मानेच्या तंतूंचा संबंध असल्यामुळे कानातील गुणगुण मान वळवताच काहींना कमीजास्त भासते.

तथापि कान निर्मळ असून दुखत राहिला, तर दात, जबडा आणि घसा आधी तपासून घ्यावा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर घसा पाहिल्यावाचून मानेचे नावच घेऊ नये.

आता उलट बाजू. चक्कर आली की 'स्पाँडिलायटिस' म्हणावयाचे आणि गळ्यात पट्टा बांधावयाचा, अशी आपल्याकडे रूढीच पडली आहे. पन्नाशी उलटली की बहुतेकांच्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज दिसतेच. केस पिकतात, तसेच ते. अंथरुणात कूस बदलताना खोली क्षणभर गरगरते, ती बहुधा अंतःकर्णातील सूक्ष्म कण जागचे सरकल्यामुळे. ह्याची परीक्षा डिक्स व हॉलपाइक ह्यांनी १९५२ साली वर्णिली. डोके ठराविक क्रमाने फिरवून ते कण स्वस्थानी नेण्याची एप्ली ह्यांची युक्ती पुष्कळांना एक-दोन बैठकींतच बरे करते. सहा महिने पट्टा बांधून ते साधत नाही!

खरोखर मानेचेच दुखणे असेल, तर शिकून घेतलेले व्यायाम नेमाने करावेत आणि मोबाईलसाठी तासन्तास मान वाकवू नये. परंतु एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कानाच्या वैद्याकडे जावे. उपचारास थोडेच दिवस मिळतात. अकस्मात असह्य डोकेदुखी, जीभ जड होणे, एकाचे दोन दिसणे, हातातील बळ जाणे, ह्यांत तर घटकाभरही थांबू नये.

आणखी एक. केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची हौस आपल्यापैकी पुष्कळांस आहे. मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे चढणारी रोहिणी अशा हिसक्याने क्वचित आतून फाटते आणि पक्षाघात होतो. कारागिरास नम्रपणे 'नको' म्हणावे. तो रागावत नाही, मी अनुभवाने सांगतो.

कोणास काही विचारावयाचे असल्यास चहापानाच्या वेळी मी येथेच आहे.